चाप ओढण्याआधी

कोल्हापूर संस्थानाने शिकारीसाठी परदेशातून जे जे आणवले, त्यातली सर्वांत विलक्षण खरेदी बंदुकीची नव्हती. ती जिवंत होती. काळविटामागे पाळीव चित्ता सोडायची चाल आपल्याकडे फार जुनी. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तिचे वर्णन येते आणि अकबराने एक हजार चित्ते जमवल्याचे जहांगीर आपल्या आठवणींत सांगतो. पण चित्ता कैदेत सहसा वीत नसे. जहांगीरच्या दरबारात एकदा पिल्ले झाली, तर ती नवलाई म्हणून नोंदवून ठेवावी लागली. शिवाय शिकार शिकवावी लागते ती आईनेच, त्यामुळे या कामाला रानात वाढलेला, धावायला तयार झालेला चित्ताच लागे आणि तो दर वेळी रानातून धरून आणावा लागे. शेकडो वर्षे असा उपसा झाल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानच्या माळांवर चित्ता मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूर, भावनगर अशा संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते विकत आणायला सुरुवात केली. डोळ्यांवर टोपी चढवलेला, गाडीवर बांधलेला चित्ता, शेजारी चित्तेवान, समोर काळविटांचा कळप, असा खेळ जणू काहीच घडले नाही अशा थाटात चालू राहिला. माळ रिकामा झाल्याची बातमी खेळणाऱ्यापर्यंत पोचलीच नाही, कारण मधली जागा खरेदीने भरून काढली होती. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने मारलेले तीन चित्ते हे देशातले शेवटचे समजले जातात; १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

ही गोष्ट मी इतिहास म्हणून सांगत नाही. शिकारीच्या नीतीविषयी आपण बोलतो तेव्हा सगळी चर्चा चाप ओढण्याच्या क्षणाभोवती फिरते. मारावे की मारू नये, कशासाठी मारावे, कुणी मारावे. वस्तू विकत घेण्याकडे कुणाचे लक्ष नसते, कारण वस्तू मुकी आणि निर्दोष आहे असे आपण धरून चालतो. बंदूक भिंतीवर टांगली तर शोभा, सैनिकाच्या हातात दिली तर संरक्षण, दरोडेखोराच्या हातात गेली तर पाप, म्हणजे जे काय बरेवाईट ते हाताचे. परदेशी गेलेला मराठी माणूस अमेरिकेतल्या एखाद्या अवाढव्य शिकारी दुकानात शिरतो, तिथली हरणाची मुंडकी, रायफलींच्या रांगा, पानापानांच्या नक्षीचे कपडे पाहून हरखतो आणि दुर्बीण, चाकू, जाकीट असे काहीबाही घेतो, तेव्हा त्याच्या मनात हाच हिशेब असतो. कायद्याचा भाग तर सरळ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीचा शौक उरलेला नाही आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्यावाचून बंदूक बॅगेतून आणता येत नाही. त्यामुळे घेतलेल्या वस्तू एकतर तिकडेच वापरायच्या, नाहीतर दिवाणखान्यात ठेवायच्या. उरतो तो धर्माचा प्रश्न: दोष कुठून सुरू होतो? माझे म्हणणे असे की तो गल्ल्यावरच सुरू होतो, आणि हे म्हणायला बाहेरच्या कुणाचा आधार लागत नाही. शिकारीची बाजू घेणारे आपलेच जुने ग्रंथ ते सांगतात.

मृगयेविषयी आपली परंपरा एकमुखी नाही. मनुस्मृतीने राजाच्या कामज व्यसनांपैकी चार अतिघातक म्हणून निवडली, त्यांत मद्य, फासे आणि स्त्रिया यांच्या पंक्तीला मृगया बसवली. उलट कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात शिकार आणि जुगार यांची तुलना करताना शिकारीची बाजू घेतली. त्याची कारणे वाचण्याजोगी आहेत. व्यायाम होतो, कफ, पित्त आणि मेद झडतो, घाम निघतो, हलत्या आणि स्थिर लक्ष्यावर नेम धरायची सवय होते, राग आला, भय वाटले की जनावराच्या मनात काय चालते ते कळते. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकातला सेनापती दुष्यंतासमोर जवळजवळ हीच यादी वाचतो. या समर्थनात मांसाचा, कातड्याचा किंवा भिंतीवरच्या शिंगांचा उल्लेख नाही हे मला महत्त्वाचे वाटते. शिकार चांगली का, तर ती शिकाऱ्याला घडवते म्हणून. म्हणजे सारे पुण्य कष्टाच्या, धोक्याच्या आणि जनावराला ओळखण्याच्या खात्यावर जमा आहे.

आता ही यादी हातात धरून त्या दुकानात जावे. अंतर मोजणारे यंत्र घेतले की नजरेने अदमास घ्यायला नको. अंगाची ऊब टिपणारी दुर्बीण घेतली की अंधारात कान टवकारायला नको. झाडाला बांधायचा कॅमेरा हरणाचे छायाचित्र थेट फोनवर पाठवतो, म्हणून माग काढत फिरायला नको. माणसाचा वास मारणारे फवारे आहेत, आवाजाची नक्कल करणाऱ्या शिट्ट्या आहेत, आणि माजावर आलेल्या मादीचा वास बाटलीत भरून विकतात, जेणेकरून विणीच्या काळात नर आपण होऊन बंदुकीसमोर यावा. इथे महाभारतातला किंदम आठवल्यावाचून राहत नाही. मृगरूपात मैथुनरत असलेल्या या ऋषीला पंडूने बाण मारला आणि वर राजे हरणे मारतातच, खुद्द अगस्त्यांनीही मारली, असा युक्तिवाद केला. किंदमाचे उत्तर सूक्ष्म आहे. तू हरणे मारतोस म्हणून मी तुला दोष देत नाही, पण त्या क्षणी तरी थांबायचे होतेस, एवढेच तो म्हणतो. पंडूला ज्यासाठी शाप मिळाला ती संधी आता किमतीची चिठ्ठी लावून फळीवर मांडलेली असते. एकेक वस्तू कौटिल्याच्या यादीतले एकेक कलम खोडत जाते, आणि सगळी खरेदी संपते तेव्हा ज्या गुणांमुळे शिकार क्षम्य होती ते गुण दुकानदाराकडे गहाण पडलेले असतात. उरते ते फक्त मारणे.

यावर शिकारी म्हणेल की आम्हालाही हे कळते. पाश्चात्त्य शिकाऱ्यांत जनावराला निसटण्याची संधी ठेवावी असा एक संकेत आहे आणि तो खोटा नाही. अॅरिझोना राज्याच्या वन्यजीव आयोगाने २०२१ मध्ये शिकारीसाठी झाडावरचे कॅमेरे वापरण्यावर बंदी घातली, ती याच विचारातून. पण ही बंदी माझ्याच बाजूने साक्ष देते. साहित्य निर्दोष असते आणि सारा प्रश्न वापरणाऱ्याच्या विवेकाचा असता, तर साहित्यावरच बंदी घालायचे कारण काय होते? वस्तू विवेकाला खाते हे त्या आयोगाने ओळखले. फरक इतकाच की आयोग ते रानात शिरताना ओळखतो आणि मी ते दुकानात शिरताना ओळखावे म्हणतो.

व्यवहाराच्या या टोकाकडे पाहणारी दृष्टी आपल्याकडे नवी नाही. मांसासंबंधी बोलताना मनुस्मृतीने घातक कोण कोण याची मोजदाद केली आहे. तिच्यात मारणाऱ्याबरोबर अनुमती देणारा, कापणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा आणि विकत घेणारा-विकणाराही आहे. बुद्धाने उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार येतो. सर्वांत बारकाईने विचार केला तो जैन आचार्यांनी. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे, म्हणजे विनाकारण केलेल्या पापाचे पाच प्रकार आहेत आणि त्यांतला एक हिंसादान: कुऱ्हाड, तलवार, विस्तव, साखळदंड अशी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. पुढे त्या साधनाने काय झाले याची वाट न पाहता देण्यातच दोष धरला आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात शेती करणारा जैन समाज मोठा आहे, आणि नांगरणाऱ्या माणसाला सगळी हिंसा टाळता येत नाही हे त्याच्या आचार्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी हिंसेची विभागणी केली. स्वयंपाकात, शेतीत, स्वसंरक्षणात होणारी हिंसा गृहस्थाला सुटत नाही. मारण्याच्या संकल्पाने केलेली मात्र सोडलीच पाहिजे. शौकाची शिकार या संकल्पी हिंसेच्या खणात पडते आणि तिचे साहित्य घेताना संकल्पच विकत घेतला जातो.

महाभारतातला धर्मव्याध इथे माझ्याविरुद्ध उभा करता येईल. मिथिलेत मांस विकणारा हा माणूस कौशिक नावाच्या तपस्व्याला धर्म शिकवतो. मग विक्री-खरेदीत दोष कसा? पण त्याचे म्हणणे नीट पाहिले तर तो स्वतःच्या धंद्याला घोर म्हणतो, त्याचे समर्थन करीत नाही. वाडवडिलांकडून आलेले, सुटता न सुटणारे काम तो खाली मानेने करतो. सुटीवर गेलेल्या माणसाच्या खरेदीला ही ओढाताण कुठली?

फासेपारध्याचेही असेच. त्याचे साहित्य म्हणजे फास आणि जाळे, ते त्याने स्वतः वळलेले. त्याच्या शिकारीत भूक होती, कसब होते आणि जनावराची ओळख तर कौटिल्याला हवी होती त्याहून जास्त. तरीही १८७१ च्या कायद्यापासून गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींत त्याची गणना झाली आणि महागड्या बंदुका घेऊन निघणारे मात्र दर्दी ठरले. लंडनची पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बर्मिंगहॅमची वेस्टली रिचर्ड्स या बंदूकवाल्यांची भरभराट हिंदी संस्थानिकांच्या मागणीवरही झाली. राजर्षी शाहू महाराज स्वतः कसलेले शिकारी होते. पण या जमातींवरची हजेरीची सक्ती त्यांनी १९१८ मध्ये बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. शिकारीला निघणाऱ्या राजाने शिकारीपायी बदनाम झालेल्यांना जवळ केले, याचे मोल त्या काळच्या मापाने फार मोठे आहे. गंमत अशी, की परदेशगमनावर त्या काळात मराठी मुलखात मोठा शास्त्रार्थ झाला. समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त घ्यावे की नाही यावर घरे फुटली. परतलेल्याच्या पेटीत काय आहे यावर कुणी धर्मसभा भरवल्याचे ऐकिवात नाही.

वास्तविक प्रवास, शिकार आणि धर्म यांचा एकत्र विचार करणारा लेख महाराष्ट्राच्याच मातीत सापडलेला आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सोपाऱ्याला मिळाला. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, त्यांत शिकार आणि तशाच करमणुकी असत. आपण त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केली, असा या लेखाचा आशय आहे. अशोकाने प्रवास सोडला नाही आणि प्रवासातला आनंदही नाकारला नाही. कशासाठी निघायचे एवढे बदलले.

आता सर्वांत जड आक्षेप. शस्त्र हेच जर दोषाचे, तर खंडेनवमीला आपण पूजा कशाची करतो? दसऱ्याला कोल्हापुरात दसरा चौकात छत्रपतींच्या उपस्थितीत सीमोल्लंघन होते, घराघरांत कोयता, विळी, पाना-हातोडा यांना हळदकुंकू वाहतात. मला या पूजेत शस्त्राचा गौरव दिसतो त्याहून अधिक त्याला घातलेला बांध दिसतो. पूजेला मांडलेले हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत. त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, म्हणजे ते आपल्याहून मोठे आहे, मर्जीने उचलायचे खेळणे नव्हे, हे कबूल करायचे. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला जाते, तिथे कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडतात. कोहळा हा असुराच्या ठिकाणी कल्पिलेला. म्हणजे नेम, वार आणि विजय एवढे ठेवून जीव वगळण्याची युक्ती या गावाला कधीचीच ठाऊक आहे. महाभारतातही द्रोणाने शिष्यांची परीक्षा घेतली ती कारागिरांकडून करवून घेतलेला कृत्रिम पक्षी झाडावर ठेवून. अर्जुनाला दिसलेला तो प्रसिद्ध डोळा कुठल्या जिवंत पाखराचा नव्हता, हे शाळेत सांगायचे बहुधा राहून जाते.

पण जैन परंपरा इथेही सुखाने बसू देत नाही. यशोधराची कथा सोमदेवाने ‘यशस्तिलका’त सांगितली. आईच्या आग्रहाखातर राजाने खरा कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा बळी दिला, तरी मारण्याचा भाव मनात होता म्हणून दोघांना जन्मोजन्मी भोगावे लागले. प्रतीकाने पाप चुकत नाही, असा तिचा रोख. मग कागदावर गोळी झाडणारा नेमबाज पिठाचा कोंबडाच मारत नाही काय? मला वाटते, नाही. आणि फरक लक्ष्यात आहे. पिठाचा कोंबडा कोंबडा म्हणून मारला होता. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जिवंत कबुतरे मारण्याची स्पर्धा झाली, पुढे कित्येक वर्षे धावत्या हरणाच्या आकृतीवर नेमबाजी होत राहिली; तिथे यशोधराची कथा लागू पडते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो कुणाचाही डोळा नाही, कुणाचेही काळीज नाही. त्याच्यावर झाडताना मनात वैर आले तर नेम चुकतो.

आणि या खेळाच्या परदेशी खरेदीत साहित्याचे काम नेमके उलटे होते. कोल्हापूरला हे सांगायला नको. दुधाळीची रेंज असलेल्या या गावातून तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण आणले, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तीन पोझिशनचे कांस्य मिळवले. ही मंडळी वापरतात त्या दर्जाच्या रायफली जर्मनीतल्या उल्मला किंवा ओबर्नडॉर्फला होतात, गोळ्या बर्मिंगहॅमकडच्या एलीच्या किंवा फिनलंडच्या लापुआच्या. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, म्हणून रायफल पकडीत आवळून लॉटमागून लॉट झाडून पाहतात आणि जुळणारा उचलतात. कॅनव्हास आणि चामड्याचे ते ताठर जाकीट घातले की धड चालताही येत नाही. सगळा खर्च कशासाठी, तर स्वतःचे शरीर हलू नये म्हणून. त्यातही नियम आडवे येतात. स्पर्धेआधी जाकिटाची जाडी आणि ताठरपणा उपकरणाने मोजतात आणि मर्यादेबाहेर गेले तर परत पाठवतात. शिकारीचे साहित्य समोरच्याला असहाय करते, हे साहित्य धारण करणाऱ्याला बांधते. कौटिल्याने मृगयेत पाहिलेला लक्ष्याचा अभ्यास इथे शिल्लक राहिला आणि मृग मोकळा झाला.

तरी हात पूर्ण स्वच्छ होत नाहीत. उल्मचे कारखाने शिकारीच्या रायफली किंवा पोलिसांची पिस्तुलेही बनवतात. नेमबाजाचा पैसा त्याच गल्ल्यात जातो. समंतभद्रांच्या तराजूत याचे काही वजन भरेलच. पण ते उद्योगी हिंसेच्या खणातले, कमी करत राहण्याजोगे. संकल्पी हिंसेच्या खणात ते ढकलता येत नाही. दोन दोषांत तरतम भाव नाही असे म्हटले तर नांगर आणि भाला एकाच मोलाचे होतील.

राहिला संरक्षणाचा मुद्दा. अमेरिकेत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला, म्हणजे तिथल्या दुकानात काडतूस घेणारा मराठी माणूसही हरणांच्या रानाला हातभार लावतो. आपले दाजीपूरही शाहू महाराजांच्या काळी राखलेले शिकारीचे रान. ते राखले गेले म्हणूनच पुढे गव्यांचे अभयारण्य करता आले. हे उपकार मी नाकारत नाही. पण त्या रानात जे वाचले ते राजाने रान राखले म्हणून. बंदूक विकत घेतली म्हणून नव्हे. कराचे पैसे चांगले, तर ते दुर्बिणीने पक्षी पाहणाऱ्याकडूनही घेता येतात. आणि विकत घेण्याने रान वाचतेच असे असते, तर आफ्रिकेतून चित्ते आणणाऱ्या संस्थानांच्या माळांवर देशी चित्ता उरला असता. २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले आठ चित्ते कुनोत सोडले, तेव्हा समुद्रापलीकडून चित्ता आणण्याचा हेतू बदललेला होता. तो यशस्वी होईल की नाही हा वेगळा वाद, पण निदान इथे जे संपले ते संपले म्हणून कबूल करून मगच हा व्यवहार झाला.

राधानगरी, भुदरगड, आजरा भागात रानडुकरे आणि गवे रात्रीत भात, ऊस लोळवतात, माणसेही जखमी होतात. अहिंसेची ही चर्चा पोट भरलेल्यांची आहे असे तिथला शेतकरी म्हणाला, तर त्याला गप्प करायचा अधिकार कुणाला नाही. त्याने पीक राखण्यासाठी केलेला प्रतिकार विरोधी हिंसेत मोडतो आणि ती गृहस्थाला माफ आहे, हे जैन आचार्यांनीच सांगून ठेवले. त्याच्या हाती असलेच तर ठासणीची जुनी बंदूक, फटाके, पत्र्याचा डबा आणि माळ्यावरची रात्रभराची जाग असते. त्याचे भांडण खरे तर कुंपणाशी, नुकसानभरपाईच्या पंचनाम्याशी आणि वनखात्याच्या उशिराशी आहे. परदेशातल्या शिकारी दुकानाचे समर्थन करायला त्याचे दुःख उसने आणणारे लोक अधूनमधून भेटतात, पण ते दुःख त्या दुकानात विकायला ठेवलेल्या कुठल्याच वस्तूने कमी होत नाही.